नळाजवळची फरशी

जोथम मासुकूने गुडघ्यांवर बसून दोन फरश्यांमधला सांधा नखाने चाचपला. नख कुठेच अडकलं नाही. त्याने पुन्हा चाचपला. काल दुपारी इथेच, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात, एक फरशी चांगली नाण्याच्या जाडीइतकी वर राहिली होती. ती दाबली की शेजारची डोकं वर काढायची आणि शेजारची दाबली की ही. शेवटी चर्चमधल्या गाण्याच्या रोजच्या तालमीला उशीर होतोय म्हणून त्याने दोघींना शिव्या घातल्या आणि तसाच उठून गेला. आज त्या जागी पाणी ओतलं असतं तर कुठल्या बाजूला वाहावं हे पाण्यालाही ठरवता आलं नसतं.

“मामोयो, जरा ये इकडे.”

स्वयंपाकघर खणून ठेवल्यापासून त्याच्या बायकोची, मामोयोची, चूल अंगणात होती. मक्याचं पीठ ढवळायचा लाकडी चाटू हातात घेऊनच ती दारात आली.

“ही फरशी बघ.”

“छान बसलीय.”

“काल नव्हती बसली छान.”

“तुम्हीच तर बसवलीत,” ती म्हणाली आणि पीठ करपेल म्हणून लगबगीने परत गेली.

त्या स्वयंपाकघराला आजवर लाल सिमेंटची जमीन होती. मामोयो दर शनिवारी ओणवी होऊन तिला मेण घासायची. आता तिचे गुडघे ऐकत नव्हते, म्हणून मुलीने, नोमालांगाने, फरश्या घेऊन पाठवल्या. बुलावायो शहरात चांगल्या गवंड्यांची वाण नव्हती. पलीकडच्या गल्लीतल्या मालाबाने निम्म्या वस्तीच्या फरश्या बसवल्या होत्या. त्याला बोलवावं असं मामोयोने जेवताना सुचवून पाहिलं, तेव्हा जोथमने हातातला घास खाली ठेवला होता.

“आख्खा जन्म रेल्वेचे ब्रेक दुरुस्त केले मी. मला चार फरश्या जमणार नाहीत? परका माणूस माझ्या घरात रांगणार आणि मी नुसता बघत बसणार?”

मामोयो गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्याला कळायला हवं होतं.

कोपऱ्यातल्या फरशीचं त्याने आधी स्वतःच उत्तर शोधलं. सिमेंट सुकताना आकसतं, त्याबरोबर फरशीही खाली बसत असणार. त्या दिवशी तालमीत त्याने खर्जातला आवाज असा लावला की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. घरच्या घरी काम कसं करावं हे त्याने दोघा-तिघांना समजावूनही सांगितलं. दुसऱ्या दिवशीची ओळही सकाळी सरळ निघाली. रात्रभर फरश्या आपापसात बोलून रांगेत उभ्या राहिल्या असाव्यात, इतकी सरळ.

मग नळाजवळची फरशी आली. नळाची नळी जमिनीतून वर येत होती, तिच्याभोवती फरशी गोल कापायची होती. त्याने आपल्या परीने कापली. कड फुटली, पुन्हा कापली, पुन्हा फुटली. शेवटी जे हातात उरलं ते त्याने नळीला भिडवलं, भोकात ओलं सिमेंट कोंबलं आणि तालमीला निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नळीभोवती चंद्रकोरीसारखा नितळ गोल काप होता.

जोथमने उकिडवं बसून तो काप बोटाने चाचपला. सिमेंट आकसतं हे खरं. पण सिमेंटने फरशी कापल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

मामोयो अंगणातल्या ओट्यावर पालेभाजी निवडत होती.

“नळाजवळची फरशी कुणी कापली?”

“तुम्हीच.” तिने मान वर केली नाही. “आठवत नाही का?”

ती सहज बोलून गेली. पण ते शेवटचे शब्द घरातच राहिले. जोथम खोलीत गेला तर खोलीत होते, फाटकाशी गेला तर फाटकाशी.

त्याच्या थोरल्या भावाचं, मेशॅकचं, असंच सुरू झालं होतं. मक्याला पाणी घालायचा आणि तासाभराने पुन्हा घालायचा. टोकलं तर बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायचा की पहिल्यांदाच घालतोय. शेवटी शेवटी तर जोथम भेटायला गेला की उठून खुर्ची द्यायचा आणि अदबीने विचारायचा, “आपण कुणाकडे आलात?”

जोथम आता निघताना फाटकापर्यंत जाऊन परत यायचा आणि कुलूप ओढून बघायचा. तालमीत एका साध्या कडव्यापाशी तो थांबला, आणि थांबल्यावर पुढचे शब्द खरोखरच गेले. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तो ती दुपार आठवायचा प्रयत्न करायचा. मी इथे बसलो. फरशी अशी धरली. मग?

सगळ्यात वाईट म्हणजे, हळूहळू त्याला आठवायलाही लागलं. आपला हात तो गोल काप सावकाश फिरवतोय, पांढरी पूड मनगटावर उडतेय, हे त्याला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसू लागलं. आता कुठली दुपार खरी धरायची?

संध्याकाळी दोघं अंगणात जेवायला बसली. जोथमने मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा बोटांत नुसताच वळत ठेवला.

“मेशॅकचं सुरू झालं, तेव्हा अगदी सुरुवातीला कसं होतं गं?”

मामोयोचा हात भाजीच्या वाडग्यात थांबला.

“असं का विचारता?”

“सहज.”

“नोमालांगाचे बाबा, का विचारता?”

“ती नळाजवळची फरशी. मी कापल्याचं मला आठवत नव्हतं. आणि काल-परवापासून आठवतंय.” तो जरासा हसला. “आता सांग, यातलं वाईट काय?”

 पाणी आणते म्हणून मामोयो उठली. पाण्याचा तांब्या दोघांच्या मधोमध भरलेलाच होता.

सकाळी जोथम उरलेल्या ओळीसाठी सिमेंट कालवत होता, तेवढ्यात फाटक वाजलं. उंच, किडकिडीत मालाबा आत आला. अंगणातला कुत्रा पास्टरच्या पँटलाही सोडत नसे. तो उठला, शेपटी हलवत मालाबापर्यंत गेला आणि त्याच्या हाताचा वास घेऊन परत सावलीत येऊन पडला. मालाबाने कुणाला काही न विचारता पाण्याच्या पिंपामागे हात घातला आणि तिथून एक गुंडाळलेलं पोतं ओढून काढलं. त्यातून थापी, पातळी बघायची पाणसळ आणि फरशी कापायचं यंत्र निघालं.

मग त्याला कालवलेल्या सिमेंटशी उभा असलेला जोथम दिसला आणि तो जागच्या जागी थबकला.

“मीच बोलावलंय,” मामोयो चुलीपाशी उभी राहून म्हणाली. किटली तिने दोन्ही हातांनी धरली होती. “म्हटलं, आज तुम्ही घरी असतानाच येऊ दे.”

जोथमने कुत्र्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. आपल्याला राग यायला हवा हे त्याला कळत होतं. खिसे चाचपावेत तसा त्याने तो आत चाचपून पाहिला, पण हाताला काही लागेना.  तो पायरीवर बसला.

“मालाबा.”

“काय काका?”

“त्या कोपऱ्यातली फरशी मी बसवली होती. वर राहिली होती का ती?”

मालाबाने मामोयोकडे पाहिलं. ती कपात चहा ओतत होती आणि कपातच बघत होती.

“राहिली होती, काका.”

“बरीच?”

“बरीच. अनवाणी माणसाचा अंगठा फुटला असता.”

“आणि नळाजवळची?”

मालाबाने पोतं या हातातून त्या हातात घेतलं. “काका, आता काय सांगू? उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. सिमेंटही नुसतं कोंबलेलं. मला वाटलं, कुणी रागाच्या भरात केलंय.”

जोथमने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

“अजून सांग,” तो म्हणाला.