कलिंगडाने पाडलेला नियम

मी एक बझर बोलतोय. १९७४ सालच्या एका निळ्या गाडीत, पुढच्या सीटखाली माझा मुक्काम आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात आम्हा बझरांना लोकांनी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या करवसुलीवाल्यालाही घातल्या नसतील. त्यातल्या बऱ्याच मला लागू होत्या, म्हणून मान खाली घालूनच सांगतो.

माझं काम सोपं. सीटवर बसून पट्टा न बांधता कुणी किल्ली फिरवली, की मी कोकलायचं आणि इंजिन सुरू होऊ द्यायचं नाही. सरकारचा तसा नियमच होता. तो ज्या कायद्याखाली आला, त्या १९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्यासाठी संसदेत हात वर करणाऱ्यांत माझा मालक, खासदार डेल्बर्ट होस्टेटलरही होता. स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसून त्याचा धाकटा भाऊ गेला होता. भाषण करताना डेल्बर्ट रडला, असं त्याची बायको व्हर्ना सांगायची.

पट्टा बांधायचा मात्र त्याला भारी कंटाळा. "आता मला तोंड वाजवायला नको, हा वाजवतो," म्हणत व्हर्ना माझ्यावर खूश असायची.

ऑगस्टमधल्या जत्रेत लोकांनी डेल्बर्टला बक्षीसपात्र कलिंगड भेट दिलं. त्याने ते शेजारच्या सीटवर ठेवलं, स्वतः पट्टा बांधला आणि किल्ली फिरवली. मला वजन कळतं, माणूस कळत नाही. मी कोकलायला लागलो.

"साहेब, पाहुण्यांना पट्टा बांधा की," एक शेतकरी म्हणाला. "कायदा तुमचाच आहे."

"मतदारयादीतही घाला त्यांना," दुसरा म्हणाला.

सगळी जत्रा हसली. कलिंगड मागच्या सीटवर टाकलं तेव्हा कुठे गाडी हलली. डेल्बर्टचे कान लाल झाले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

संसदेत त्याने तो किस्सा रंगवून सांगितला. वर्ष संपायच्या आत नवा कायदा आला: गाडी अडवायची सक्ती नको, बझरची सक्ती आठ सेकंदांपुरतीच. डेल्बर्टने माझी तारच सोडवून टाकली.

"लोकांना नको आहे, व्हर्ना."

"मी लोकांत येत नाही का?" ती म्हणाली.

जानेवारीत गाडी बर्फावरून घसरली आणि झाडावर आदळली. व्हर्नाने पट्टा बांधला होता. डेल्बर्टचं कपाळ काचेवर आपटलं. एक कलिंगड मला ओळखता आलं नाही, म्हणून त्या दिवशी मी सीटखाली मुका पडून होतो. ती लाज अजून जात नाही.

त्याचा जीव राहिला, पण बोलणं गेलं आणि उजवा हातही. गाडी दुरुस्त करताना व्हर्नाने माझी तार जोडून घेतली.

"बाई, आता सक्ती नाही," गॅरेजवाला म्हणाला.

"मला आहे," ती म्हणाली.

मला खुशाल नावं ठेवा, फक्त पट्टा बांधा. याहून जास्त मागायचं तोंड मला नाही.

काल डॉक्टरांकडे निघताना व्हर्नाने डेल्बर्टचा पट्टा जपून बांधला आणि दमून स्वतःचा विसरली. किल्ली फिरली. मी भीतभीतच कोकललो. डेल्बर्ट दचकला. आता हा लाथ घालणार, असं मला वाटलं. पण त्याने डावा हात पुढे करून तिचा पट्टा ओढला. खटका काही केल्या बसेना. ती हात मांडीवर ठेवून थांबली, मदतीला गेली नाही. शेवटी बसला.

मी गप्प झालो. इंजिन सुरू झालं, तरी तिला गाडी काढता येईना, कारण तो तिचा पट्टा सोडतच नव्हता.