मास्तर आणि कन्या

मास्तरने शिलाईच्या दुकानावर नवी पाटी चढवली: ‘मास्तर आणि कन्या’. सकाळपासून तो तिच्याखाली उभा राहून कौतुकाची वाट बघत होता. लोक मुलगा असला तरच पाटीवर जोडतात, आपण मुलीला जोडलं! मुलीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. आता घरच्या माणसाला काय विचारायचं?

कौतुक काही आलं नाही, समोरचा चावीवाला आला. परमुलखातून इथे येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती, पण मास्तरच्या लेखी तो कालच उतरलेला. त्याने टोपी काढली, मास्तरचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मान खाली घालून म्हणाला, “फार वाईट झालं, मास्तर.”

“कुणाचं?”

“मुलीचं. आमच्याकडे पोरांना बापाच्याच दुकानात बसायची वेळ आली, तर शेजारी येऊन बापाला धीर देतात. पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून तर आपण राबतो.”

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने हात हिसडला. “आणि तुझ्यामागे तुझं दुकान कोण उघडणार रे?”

“कोणी नाही. बंद पडेल. त्यासाठीच तर चालवतोय.”

“कर्मदरिद्री! इथे तीन पिढ्या कात्री चालतेय. हिच्या हातचं काज बघ एकदा! उद्या मी नसेन, पण दुकान असेल. याला यश म्हणतात. तुझं शहाणपण तुझ्या मुलखात ने!”

चावीवाल्याने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. आत अठ्ठावीस वर्षांची मुलगी मांडीवर कोट घेऊन काज करत होती. “पोरी, तुला बसायचंय का इथे?”

मास्तर खो खो हसला. “सांग गं, सांग याला!”

तिने टाका पुरा केला, दोरा तोडला. “नाही. कधीच नव्हतं.”

“मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?”

“कुणी विचारलंच नाही, बाबा.”

“ऊठ मग! आत्ताच्या आत्ता चालती हो!” मास्तर ओरडला. अशा ओरडण्याने घरात आजवर सगळं जागच्या जागी बसत आलं होतं.

तिने कोटाची घडी केली, गळ्यातली टेप काढून मशिनवर ठेवली आणि चपला पायांत सरकवल्या. मास्तर दारात आडवा उभा होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा तिची भीती वाटली.

“जरा बाजूला होता?” तिने विचारलं.

तो झाला.