खंडेनवमीचे ब्रेक-शू

गोपाळरावांचा मिलिटरीचा ट्रक सहा वर्षं अंगणात उभा होता आणि सहा वर्षं त्यांची बायको जानकीबाई त्याला एकाच नावानं ओळखत होती: "तुमचं धूड." तुमच्या धुडापायी तुळशीला ऊन नाही. तुमच्या धुडाखाली मांजर व्यालीय. बरं, बाईंचं तरी काय चुकलं? देवासात एवढं ऐसपैस अंगण, आणि ते या गृहस्थानं लोखंडानं भरून टाकलेलं! पण गोपाळरावांनी फौजेत अशीच डॉज गाडी चौदा वर्षं चालवली होती. महूच्या लिलावात ही दिसली आणि त्यांना राहवलं नाही. दोर बांधून ओढत घरी आणली.

एकोणऐंशीच्या नवरात्रात मुलगा मार्तंड म्हणाला, "आबा, मार्गशीर्षात माझं लग्न. अंगणात खोली काढायचीय. दसऱ्याला हा ट्रक धारला मामाकडे जाऊन परत आला, तर राहू दे, मी खोली गच्चीवर काढीन. नाहीतर एकादशीला भंगारवाला येतोय. मी बोलून आलोय."

गोपाळराव कामाला भिडले. अष्टमीला सकाळी इंजिन असं दणाणलं की सगळी आळी दारात आली. उरले फक्त मागचे ब्रेक. इंदूरच्या चिंतामणी मिस्त्रीनं नवीन लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे पट्टे, ठोकून दिलेले चार ब्रेक-शू त्यांनी नवमीला ओसरीवर मांडले आणि ते झेंडू आणायला बाजारात गेले.

खंडेनवमीला या घरात आज्याची तलवार आणि गोपाळरावांचे पाने एकाच पाटावर बसत. एकदा बसले की दसऱ्याची पूजा होईतो त्यांना कुणी हात लावायचा नाही. तासाभरात चाकं चढवू, मग पाने पाटावर ठेवू, असा त्यांचा हिशेब होता.

परत येऊन पाहतात तो पूजा मांडून तयार. जानकीबाईंनी एकेक पाना रिठ्यानं धुतला होता, तिळाचं तेल चोळून लख्ख केला होता. आणि मधोमध, कुंकू लावून, चारी ब्रेक-शू! तेलानं नुसते चकाकत होते.

"बघा तरी," जानकीबाई म्हणाल्या. "सहा वर्षांत मी तुमच्या सामानाला शिवले नाही. म्हटलं, उद्या माहेरी जायचंय त्यावर, तर एवढं तरी करावं."

लायनरला तेल लागलं की संपलं. पाय दाबून बसा, गाडी थांबायची नाही. पण बायकोचा चेहरा इतका खुलला होता की त्यांना खरं सांगवेना. "छान झालंय," ते म्हणाले.

जेवताना त्यांनी मार्तंडला सांगितलं, "भंगारवाल्याला येऊ दे. इंजिनात दम नाही राहिला."

जानकीबाईंचा वाढता हात थांबला. मार्तंड उठून गेल्यावर त्या समोर येऊन बसल्या. "काल तर आळी हादरली होती. खरं काय ते सांगा."

गोपाळरावांनी मान खाली घालून सांगितलं.

"अहो, मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?" जानकीबाई कडाडल्या. "इतकी वर्षं माझी बोलणी खाल्लीत, आणि एकदा माझं चुकलं तर सांगवत नाही? मी काय काचेची आहे? माझं मन राखायला गाडी मोडीत घालायला निघालात!"

त्या तरातरा पाटाशी गेल्या. हात जोडले, आणि पाने, ब्रेक-शू सगळं उचललं. उपासाच्या दिवशी पाण्याचा थेंबही भटजींना विचारून घेणारी ही बाई!

"अगं, उद्याची पूजा..."

"देवीचं मी बघते. बाईच आहे ती, तिला कळतं. तेल कसं काढायचं ते बोला."

ब्रेक-शू पेट्रोलनं धुतले. मग शेगडी पेटवून एकेक लायनर धूर थांबेपर्यंत भाजला, सँडपेपरनं घासला. जानकीबाई नाकाला पदर लावून शेगडीला वारा घालत होत्या आणि मधूनमधून नवऱ्याला बोलतही होत्या. दिवेलागणीला चाकं चढली. पाने पुसून पुन्हा पाटावर बसले.

दसऱ्याला पहाटेच पूजा उरकून दोघं निघाली. इंदूर मागे पडलं. घाटाबिल्लोदच्या पुढे एक गाय आडवी आली. गोपाळरावांनी जीव मुठीत धरून पाय दाबला. ट्रक किंचाळला, थोडा डावीकडे ओढला आणि गाईपासून दोन हातांवर उभा राहिला. माहेरी न्यायचे नारळ पायाशी गडगडले.

जानकीबाईंनी गाईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "धरतात की हो!" त्या म्हणाल्या, आणि नारळ गोळा करू लागल्या. भावाकडे जेवून संध्याकाळी दोघं परत आली.

एकादशीला सकाळी फाटकाशी भंगारवाला. गोपाळराव तो डावा ब्रेक बघायला ट्रकखाली शिरले होते. त्यांना फक्त आवाज ऐकू आला.

"माताजी, वो कबाड़ उठाना था..."

"कौनसा कबाड़, भिया? हमारी गाड़ी कल धार होके आई है. जाओ."

फाटक लागल्याचा आवाज झाला. मग ट्रकशेजारी लुगड्याचे काठ येऊन थांबले.

"या आता आपल्या गाडीखालनं बाहेर," जानकीबाई म्हणाल्या. "चहा निवतोय."