आत घेतलेली शिवण

आमच्या सासूबाईंच्या कात्रीला धार, आणि जिभेला त्याहून जास्त. अख्खा बाजार त्यांना मास्तर म्हणतो. गिऱ्हाइकावर नुसती नजर फिरवली की माप तयार. सासरे गेल्यावर दोन पोरं आणि शिवणकामाचं दुकान त्यांनी एकटीनं ओढलं. अशा बाईला म्हणे धक्का सोसणार नाही!

हे ठरवलं कुणी? त्यांच्याच त्या दोन पोरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं. पोटात कॅन्सर आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा हे दोघे आत होते आणि आईंना बाहेर बाकावर बसवलं होतं. घरी येऊन सांगितलं काय, तर पित्त! मी तडकले. नवरा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू उगीच उचलली जीभ लावली टाळ्याला करू नकोस." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आई वाळत चालल्या. झगे खांद्यावरून उतरायला लागले. दुसऱ्या घरात कुणी दूध-फळं आणली असती, पण आमचं पडलं शिंप्याचं घर. आई दुपारी जरा आडव्या झाल्या की हे दोघे त्यांचा एकेक झगा उसवायचे, बाजूनं आत घ्यायचे आणि पुन्हा टीप मारून कपाटात ठेवायचे. झगा अंगाला बसला म्हणजे आई बारीक झाल्याच नाहीत! हसावं की रडावं, मला कळेना.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? एका सकाळी आई दुकानात आल्या आणि अंगातला झगा बगलेखाली चिमटीत धरून कापायच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"थोरल्या, ही टीप तुझी. सफाईदार आहे, वाद नाही. पण चोरून का?"

थोरल्यानं मशीनमध्ये तोंड खुपसलं. धाकट्याला एकाएकी दोरा सापडेना.

"मी वाळले तर वाळले. कपड्याला कशाला खोटं बोलायला लावता?" मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, तू सांग."

नवऱ्यानं डोळे वटारले. आता या घरात आपली धडगत नाही, हे मला दिसत होतं. तरी मी आईंचा हात धरला.

"आई, पित्त नाही. कॅन्सर आहे. ऑपरेशन करता येईल, पण त्यात धोका आहे. करायचं की नाही ते याच आठवड्यात सांगायचंय, आणि ते तुम्ही सांगायचं."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. बराच वेळ हातानं टेबल पुसत राहिल्या. पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मीच मारलं यांना, असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "पोट माझं आणि पंचाईत तुम्ही करणार? उठा, दवाखान्यात चला."

डॉक्टरीणबाईंसमोर त्या ताठ बसल्या. "कुठून कापणार, कुठं जोडणार, मागे काय उरणार, सगळं सांगा. गोड करून नको." बाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढून एकेक दाखवलं. आशा अर्धी-अर्धी, हेही सांगितलं.

"अर्धी पुष्कळ झाली. करून टाका," आई म्हणाल्या. माझा ऊर असा भरून आला, की सगळ्या दवाखान्याला ओरडून सांगावं, ही माझी सासू!

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना ढकलगाडीवरून नेताना थोरला वाकून म्हणाला, "आई, काही होणार नाही तुला."

"पुन्हा खोटं? खरं बोल."

त्यानं गाडीची कड धरली. "भीती वाटते गं आई. फार भीती वाटते." आणि एवढा बाप्या माणूस सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागला.

आईंनी त्याचं डोकं छातीशी ओढलं. "मलाही वाटते रे. इतके दिवस एकटीलाच वाटत होती."

मग नर्सबाईंना म्हणाल्या, "चला, न्या आता."