चार मुशी

चिमट्यात धरलेली चौथी मूस बाईंनी प्रयोगशाळेच्या ओट्यावर ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवला. चिनी मातीच्या चारही वाट्या पांढऱ्याफटक. तळाशी चिमूटभर राख होती. बाहेरचे निळे आकडे मात्र भट्टीने गिळले होते.

"झालं कल्याण!" दारातून सर म्हणाले. "आता माझं वाण कुठलं आणि जुनं कुठलं, कोणाच्या बापाला कळणार?"

चाऱ्याच्या या वाणामागे सरांनी बारा वर्षं घालवली होती. त्याच्या ताटांत लिग्निन, म्हणजे जनावराला न पचणारा लाकूडपणा, निम्माच आहे असं ते जिथे तिथे सांगत सुटले होते. बाईंनी दोनदा ताटांची पूड आम्लात विरघळवली, उरलेला गाळ तोलला, जाळला, राख वजा केली. दोन्ही वेळा नवं वाण जुन्याइतकंच लाकडी निघालं. "पुन्हा करा," म्हणत सरांनी या खेपेला नव्या मुशी स्वतः आकडे घालून आणून दिल्या होत्या.

"जाऊ द्या." त्यांनी तयार अहवाल पुढे केला. "'निम्मं' लिहिलंय. सही करा, मोकळ्या व्हा."

"मी न मोजलेल्या आकड्याखाली माझी सही नाही."

"सोमवारी वाण जाहीर होतंय, बाई. सगळ्यांसमोर माझं नाक कापणार?"

"मी फक्त तोलणार."

बाईंना त्यांची कीव आली, पण हात थांबला नाही. राखेसकट चारही वजनं त्यांनी टिपली. मग पहिली मूस ब्रशने झटकून रिकामी केली, तराजूत ठेवली आणि वहीतलं परवाचं पान उघडलं. कामाला घेण्याआधी प्रत्येक कोरी मूस तोलायची, ही त्यांची रोजची रीत. मुशीचा आकडा पुसला तरी तिचं वजन कुठे जाणार होतं?

"चोवीस पूर्णांक तीन एक आठ दोन. ही दोन नंबर, तुमचं वाण."

सर खुर्चीत बसले. मीटिंगा करता करता हा तराजू त्यांच्या हातून कधीच सुटला होता.

"पेनाचे आकडे भट्टीत टिकत नाहीत," बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत मला."

दुसरी, तिसरी ओळखून झाली. चौथी बाईंनी झटकली आणि चिमटा सरांपुढे धरला.

"एवढी तुम्ही तोला. मी लिहून घेते."

सरांनी चिमटा घेतला. मूस तराजूत बसली, काचेची दारं लागली. आकडा स्थिरावला तरी ते बराच वेळ बघत राहिले. वहीचं पान त्यांना बसल्या जागेवरून दिसत नव्हतं.

मग घसा साफ करून त्यांनी वजन वाचलं. वहीत तेच होतं.