सासूबाई आणि शेवटची रेकॉर्ड

चष्मेवाल्याला एकच नाद होता, आणि तो नातेवाइकांना समजावून सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ यायचे. तो इंडी-पॉपच्या रेकॉर्डी जमवायचा. बड्या कंपन्यांनी काढलेल्या नव्हेत. चारदोन पोरापोरींनी गॅरेजमध्ये गाणी बसवायची, पदरमोड करून शंभरेक प्रती काढायच्या आणि पुढच्या वर्षी बँड मोडून नोकरीला लागायचं, असल्या. "ज्यांना कुणी ओळखत नाही, त्यांचा तू भक्त," असं त्याची बायको म्हणायची. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती; नेमकं बोलायची तिला सवय होती.

दोन बहिणींचा एक बँड त्याचा फार लाडका. त्यांचा नवा अल्बम येणार होता, नाव 'ओले मोजे'. रेकॉर्डवाल्या दाढीवाल्याच्या दुकानात त्याच्या मोजून पाच रेकॉर्डी आणि पाच सीड्या यायच्या होत्या. दारावर पाटी लागली: 'एका माणसाला एकच. रेकॉर्ड किंवा सीडी. हुज्जत घालू नये.'

तिथून चष्मेवाल्याची झोप उडाली. रेकॉर्डवर एक गाणं जास्त होतं, शिवाय आवाज कसा उबदार! पण रेकॉर्ड लागायची फक्त घरी. स्वतःच्या चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत तो दिवसभर काचांच्या कडा घासायचा, आणि त्या यंत्राने टेबल असं थरथरायचं की रेकॉर्डवरची सुई उड्या मारायची. तिथे सीडीच हवी. पंधरा दिवस तो जेवताना, दात घासताना, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बॅटरी मारतानासुद्धा हाच विचार करत होता.

"लग्न ठरवताना दहा मिनिटं घेतली होतीस," बायको म्हणाली.

"तेव्हा तू एकाच स्वरूपात उपलब्ध होतीस."

शेवटी त्याने युक्ती काढली. एका माणसाला एकच ना? मग माणसं दोन न्यायची. विक्री शनिवारी होती आणि बायकोची नेमकी तेव्हाच ड्यूटी होती. राहता राहिल्या सासूबाई. त्या दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, आणि तेव्हापासून कंटाळलेल्या.

"म्हणजे मी खोटं बोलायचं?" सगळं ऐकून त्यांनी विचारलं. डोळे मात्र लकाकले.

"खोटं नाही हो, आई. आपण एकमेकांना ओळखत नाही, एवढंच. दाढीवाला फार संशयी आहे. तुम्ही सीडी मागायची, मी रेकॉर्ड घेतो."

"जावईबापू, निर्धास्त राहा."

शनिवारी सकाळी सासूबाई रांगेत त्याच्या पुढे दोन माणसं सोडून उभ्या होत्या. त्याच्याच दुकानातला काळा चष्मा, डोक्याला स्कार्फ. एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं, पण मागे वळून त्यांनी त्याला खणखणीत आवाजात सांगितलं, "अहो, तुम्हाला कुठे पाहिल्यासारखं वाटत नाहीये!"

चष्मेवाल्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

त्यांचा नंबर आला. दाढीवाल्याने त्यांना खालून वर पाहिलं. "आजी, हे तुमच्यासाठीच ना?"

"मग काय शेजाऱ्यासाठी?"

"एक गाणं ऐकून बघा आधी," असं म्हणत त्याने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. बाई लगेच उतरवून ठेवतील, असा त्याचा हिशेब असावा. पण सासूबाई ऐकत राहिल्या. आधी त्यांची मान हलायला लागली, मग पाय. गाणं संपलं तेव्हा त्यांनी सीडी उचलली, मागची बारीक अक्षरं काळ्या चष्म्यातून वाचायचा प्रयत्न केला, सोडून दिला आणि रेकॉर्डच्या भल्यामोठ्या कव्हराकडे बोट दाखवलं.

"ही द्या. हिचं निदान वाचता तरी येतं."

ती शेवटची रेकॉर्ड होती. मागे उभ्या चष्मेवाल्याच्या तोंडून "आई!" असं निघालंच.

"काय झालं?" दाढीवाल्याने विचारलं.

"काही नाही. पायाला... मुंगी."

आपला नंबर आल्यावर त्याने सीडी घेतली. बाहेर कोपऱ्यावर सासूबाई थांबल्या होत्या. त्याने हात पुढे केला. त्यांनी रेकॉर्ड छातीशी धरली.

"माझ्या नंबरावर मिळालीय. मला आवडलीय ती. आत दुकानात एक प्लेअरही बघून आलेय, आजच घेते."

चष्मेवाल्याने हात मागे घेतला. ज्या बाईला आपण ओळखतच नाही, तिच्याशी भर रस्त्यात भांडायचं तरी कसं!

आठवडाभर तो धुसफुसत होता. बायको लॅबमधून आली की आधी आईला फोन लावायची आणि मोठ्याने विचारायची, "आई, ते जास्तीचं गाणं कसं आहे गं?" मग त्याच्याकडे बघत फोन कानाशी धरून "हो का! अय्या!" करत राहायची.

पुढच्या शुक्रवारी मात्र वेगळंच घडलं. मागच्या खोलीत त्याने सीडी लावली होती. शेवटचं गाणं संपलं, पण हात अडकलेले असल्याने त्याने ती बंद केली नाही. अकरा मिनिटं शांतता. आणि अचानक त्या दोघी बहिणींचा आवाज आला. भांडत होत्या! कीबोर्डवर कॉफी कुणी सांडली यावरून, तावातावाने, चार मिनिटं. यंत्र बंद करून चष्मेवाला पोट धरून हसला. याबद्दल कुठे अवाक्षर छापलेलं नव्हतं. दिवसभरात त्याने ते पाचदा ऐकलं आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी सासूबाई रेकॉर्ड काखेत मारून त्याच्या घरी हजर.

"घे बाबा ही तबकडी. अर्ध्यात उठून बाजू उलटायला लागते, मला कंटाळा येतो. मला ती सीडी दे."

बायकोने टाळी वाजवली. चष्मेवाल्याने हात पुढे केलाच नाही.

"अरे, घे ना!" बायको म्हणाली.

"विचार करतो," तो म्हणाला.

"पंधरा दिवस केलास तेवढा बास नाही?" सासूबाई म्हणाल्या. "दहापर्यंत मोजते. एक. दोन."

सातावर तो म्हणाला, "सीडी माझ्याकडेच राहू द्या."

सासूबाईंनी मोजणं थांबवलं. शाळेत त्यांनी हजारो मुलांच्या बंद मुठी उघडल्या होत्या. "काय आहे त्या सीडीत?"

"काही नाही हो."

"जावईबापू."

त्याने बॅगेतून सीडी काढून लावली आणि थेट शेवटच्या गाण्यावर नेली. ते संपल्यावर तिघं शांततेत बसून राहिले. पाचव्या मिनिटाला बायको म्हणाली, "बिघडलाय तुझा प्लेअर." नवव्या मिनिटाला सासूबाई म्हणाल्या, "मला बनवतोयस." त्याने नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

अकरा मिनिटांनी भांडण सुरू झालं आणि सासूबाईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. संपल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "चूक थोरलीची आहे."

"थोरलीची कशी? कप धाकटीने ठेवला होता!"

"पण धक्का कुणी दिला?"

"अहो आई, नीट ऐका तरी!"

"तूच ऐक. परत लाव."

"परत अकरा मिनिटं?" बायको ओरडली. पण तोवर तिची आई खुर्ची पुढे ओढून बसली होती आणि नवरा बटण दाबून मोकळा झाला होता.