मधल्या नावाची चौकट

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात ग्रंथालयाला कॉम्प्युटर आला आणि रतिलाल सरांना जणू पंखच फुटले. खेडोपाडी फिरून त्यांनी जात्यावरची गाणी टेपवर घेतली होती. ती कॉम्प्युटरवर चढवायची, त्यांची सीडीची तबकडी पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयाला पाठवायची, मग जगातल्या कुठल्याही अभ्यासकाने ऐकावीत.

घोडं अडलं ते तानुबाईंपाशी. सगळ्यात गोड गळा त्यांचा, पण कॉम्प्युटरला मधलं नाव हवं आणि तेच सर विचारायला विसरले होते! तबकडी त्याच दिवशी जायची होती. "'अज्ञात' लिहून टाका, प्रमिलाबाई," सर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अज्ञात कशाला? बाई जित्या आहेत! बोलवा त्यांना."

तानुबाई दुपारच्या एस.टी.नं आल्या. नवऱ्याचं नाव विचारताच पदर तोंडाला! साठीची बाई, पण लाजल्या अशा, की जणू कालच हळद लागली. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यातच. मी म्हटलं, "अक्का, उखाणा घ्या, मी लिहिते." सगळं ग्रंथालय कान टवकारून उभं राहिलं. तानुबाईंनी घसा खाकरला.

"जात्यावर पीठ पडे, तोंडमा गानं,
मी शेवंतानी पोर, लिख नाव तिनं."

"अहो, शेवंता तर आई! नवऱ्याचं घ्यायचं असतं!" सर कळवळले.

"मालक सोनाना मानूस व्हता," तानुबाई ठासून म्हणाल्या, "पन गानं त्यानं नही, बठ्ठं मन्ही मायनं शे. तिनं नाव नही, तं मन्हं गानं बी नही."

सर नियम सांगू लागले. असं कसं चालेल, वडिलांचं किंवा पतीचंच लागतं, वगैरे. मी म्हटलं, "सर, कॉम्प्युटरला नाव हवंय, बाप्याचंच हवं असं त्यानं कुठं म्हटलंय? व्हा बाजूला!" आणि खटाखटा टाइप केलं: तानुबाई शेवंताबाई पाटील. कॉम्प्युटरनं मुकाट घेतलं बिचाऱ्यानं. सरही शेवटी हसलेच.

मग मी गाणं लावलं. त्या डब्यातून स्वतःचा आवाज आला तशा तानुबाई दचकल्या, मग लाजल्या, मग आपल्याच आवाजात आवाज मिसळून गाऊ लागल्या. मला तर इतका आनंद झाला, की डोळेच भरून आले.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "यामा मन्ही माय कोनती शे?"

मी पडद्यावर मधल्या शब्दाला बोट लावलं.

तानुबाई वाकून त्या अक्षरांशी बोलल्या, "माय, तू धुयं बी कधी देखं नही, आन आते पुन्याले चालनी!"